टाकाऊ, टिकाऊ आणि मधला गोंद

हस्तकलेच्या प्रदर्शनात दरवर्षी तीच मंडळी भेटतात. प्लास्टिकच्या बाटलीचा पेनस्टँड, जुन्या सीडीचा मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. सगळ्यांवरून सोनेरी रंगाचा हात फिरलेला, वर चमकी भुरभुरलेली, आणि पुढे पाटी : 'टाकाऊतून टिकाऊ'. मी मुलांचे हस्तकलेचे वर्ग बरीच वर्षं घेते आहे. अशा टेबलांपुढे परीक्षक म्हणूनही उभी राहिले आहे आणि मान डोलावून गुणही दिले आहेत. त्या पाटीतले दोन्ही शब्द खोटे आहेत हे कबूल करायला मला फार वेळ लागला. काड्या पाकिटातून कोऱ्या काढलेल्या असतात, त्यांना आइस्क्रीम कधी लागलेलंच नसतं. बाटली रिकामी हवी म्हणून आदल्या रात्री घाईघाईनं ओतून टाकलेली असते. म्हणजे टाकाऊ काही नव्हतंच. आणि टिकाऊ म्हणाल, तर पेनस्टँडमध्ये तीन पेनं ठेवली की तो कलंडतो आणि महिन्याभरात केराच्या डब्यात जातो.

तिथे तो जातो तेव्हा आधीपेक्षा वाईट कचरा होऊन जातो, हे जास्त गंभीर. स्वच्छ, रिकामी पेट बाटली, म्हणजे पाण्याची-सरबताची नेहमीची पारदर्शक प्लास्टिकची बाटली, हा भंगाराच्या व्यवहारात चांगला माल असतो. एकाच जातीचं प्लास्टिक, त्याची खूण म्हणून तळाला त्रिकोणात १ हा आकडा. ती वितळवून तिचा धागासुद्धा काढता येतो. पुठ्ठ्याचंही तसंच. तो ओला-तेलकट नसेल तर त्याचा पुन्हा लगदा होतो, आणि दर फेरीत तंतू आखूड होत गेले तरी कागद साधारण पाच ते सात फेऱ्या काढतो. आता बाटलीला हा पुठ्ठा चिकटवा, त्यावर लोकर गुंडाळा, वर ॲक्रिलिक रंगाचा थर द्या, कडेनं गरम गोंद सोडा आणि शेवटी चमकी टाका. तीन चांगल्या मालांचा मिळून एक असा ऐवज तयार झाला की जो भंगारवालाही उचलणार नाही. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पापुद्र्याचाच चुरा. सूक्ष्म प्लास्टिक आवरायचं म्हणून युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री बंद केली. आपण मात्र ती पर्यावरणाच्या पाटीखाली मुलांच्या हातात देतो.

यावरून टाकाऊ वस्तूंची हस्तकला शिकवूच नये असं म्हणणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्यातली नाही. शिकवावी, आज शिकवतो त्यापेक्षा जास्त तास देऊन शिकवावी. फक्त त्या तासातून गोंद बाहेर काढावा, निदान पहिलं वर्षभर तरी.

गोंद वाईट नाही. सुतार वापरतो, बुकबाइंडर वापरतो, आणि दोघांनाही तो कुठे धरेल, कुठे सोडेल हे नेमकं माहीत असतं. वर्गातला गोंद वेगळा. चाळीस मुलं आणि पाऊण तासाचा तास, तेव्हा बाईंना किंवा सरांना तो सुटकेसारखा वाटतो. काहीही कशालाही चिकटतं, निदान गुण देऊन होईपर्यंत तरी. पण गोंदापुढे पुठ्ठा, कापड, पत्रा, काडी सगळे सारखेच होतात. पुठ्ठा कुठल्या बाजूनं वाकतो, कापड कुठल्या दिशेनं ताणलं जातं, पत्रा दुमडला तर कडक का होतो, यातलं काहीच मुलाला विचारावं लागत नाही. आणि हस्तकलेतलं शिकणं तर सगळं या विचारण्यातच असतं.

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत १९२३ ते १९३३ या काळात शिकवणाऱ्या योझेफ आल्बर्सची एक हकीकत त्याच्या विद्यार्थ्यानं नोंदवून ठेवली आहे. तो वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, सगळ्यांना वाटला आणि म्हणाला, यातून काहीतरी करा, कागदाचा मान राखा. कात्री, सुरी आणि गोंद नाही वापरलात तर आणखी चांगलं. काही तासांनी परत आला तेव्हा जमिनीवर किल्ले होते, जहाजं होती, विमानं होती, प्राणी होते. ही बालवाडीतली कामं आहेत, दुसऱ्या एखाद्या पदार्थातून याहून बरी झाली असती, असं त्यानं सांगून टाकलं. मग एका अगदी साध्या कामाकडे बोट दाखवलं. एका विद्यार्थ्यानं कागद फक्त लांबीत दुमडून पडद्यासारखा उभा केला होता. ज्या कागदाला आपण लुळा समजतो तो एका घडीनं स्वतःच्या कडेवर उभा राहिला. किल्ला दगडातही बांधता आला असता, हे मात्र कागदालाच जमणारं होतं.

ही गोष्ट वाचून थरारून गेलेले शिक्षक मी पाहिले आहेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा किल्लेच करून घेताना त्यांनाच पाहिलं आहे. मीही त्यात होते. मुलांना रिकाम्या हातानं वस्तूपुढे बसवायला धीर लागतो.

मी हळूहळू एका कामावर आले : खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचं स्टूल करायचं, गोंद नाही, टेप नाही, आणि शेवटी करणाऱ्यानं स्वतः त्यावर बसायचं. खाचा कापून एकमेकांत अडकवायच्या, एवढंच आधी दाखवते. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी हे सांगत नाही, कारण ते सांगून कुणाला कळत नाही. रुंद कापली की स्टूल डुलतं, अरुंद कापली की कड चुरगळते, मग पट्टी घेऊन मुलं आपणहून जाडी मोजायला लागतात. एका मुलाचं स्टूल तीनदा कोसळलं. तिसऱ्यांदा तो चिडला, एक तुकडा टरकन फाडला आणि फाटलेल्या कडेकडे बघतच राहिला. "ताई, यात नळ्या आहेत." थोड्या वेळानं : "माझ्या आडव्या होत्या." त्यानं सगळे पाय नव्यानं कापले, नळ्या उभ्या येतील असे. स्टूलनं त्याला पेललं, नंतर मलाही पेललं. खांब उभा का असतो हा धडा त्याला पुढे भौतिकशास्त्रात भेटेल तेव्हा त्याची आधीच ओळख झालेली असेल. गोंदाची बंदूक हाताशी असती तर त्यानं पहिल्याच पडझडीनंतर चार थेंब सोडले असते आणि नळ्या पुठ्ठ्यातच झाकून राहिल्या असत्या.

गोंद काढून घेतला की उरतो तो सांधा. आणि प्रत्येक पदार्थ आपला सांधा स्वतः मागतो. कापडाला टाका हवा, दोरीला गाठ. पत्र्याची कडा दुमडून दुसऱ्या दुमडीत अडकवली की डबे बनवणाऱ्यांची जुनी शिवण हाताला येते. पेट बाटली कडेनं गोल गोल कापत गेलं तर एका बाटलीतून लांबलचक पट्टी निघते. त्या पट्टीनं दोन काठ्या बांधून वर गरम हवा दिली की प्लास्टिक आकसतं आणि बांधणी आवळली जाते. (हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः लहान मुलीसारखे तीन-चार सांधे उगाचच करून पाहिले होते.) टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचं काड्यापेटीतल्या काड्यांचं काम पुष्कळांना माहीत असेल. काड्या जोडायला ते सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे इवलेसे तुकडे वापरतात. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरका होतो. सांधा वळणारा आहे म्हणूनच हे दिसतं. तीच काडी चिकटवून टाकली असती तर चौकोनही ताठ वाटला असता आणि गणित तिथेच दडपलं गेलं असतं.

मोठ्या कलावंतांकडे पाहिलं तरी हाच मुद्दा दिसतो. घानात जन्मलेले एल अनात्सुई नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात १९७५पासून अनेक वर्षं शिल्पकला शिकवत होते. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपून, मुडपून, पिळून ते तांब्याच्या बारीक तारेनं एकमेकांना शिवतात, आणि भिंतभर पसरणारी धातूची वस्त्रं तयार होतात. सांधे तारेचे असल्यामुळे ते वस्त्र दुमडतं, लोंबतं, दर ठिकाणी वेगळ्या चुण्या घालून टांगता येतं. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावरच्या जीज बेंडमधल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडीसाठी, घरात पांघरायला. २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. काही गोधड्यांमध्ये विटक्या निळ्या कापडावर गडद निळा चौकोन दिसतो. तिथे आधी खिसा होता, खिशाखालचा रंग उन्हापासून वाचला. त्या बाईनं तो चौकोन झाकला नाही, रचनेत घेतला. आमच्या वर्गात मात्र पहिली सूचना असते : आधी सगळ्याला पांढरा रंग मारून घ्या. ज्या वस्तूचं पूर्वायुष्य पुसूनच कामाला लागायचं, ती टाकाऊतून निवडण्यात अर्थ काय?

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यांत वजनदार आक्षेप कारागिरांकडून येतो. ते म्हणतात, हस्तकला नेहमी नक्कल करूनच शिकली जाते, विणकराचा मुलगा 'स्वतःचं काहीतरी' करत बसला असता तर माग बंद पडला असता. बरोबर आहे. मुलांना ढिगाऱ्यापुढे सोडून देऊन 'व्यक्त व्हा' म्हणणं ही शिक्षकाची पळवाट आहे, आणि त्यातून शेवटी तेच मोर आणि तीच घरं बाहेर पडतात, कारण रिकाम्या हाताला पाहिलेलंच आठवतं. म्हणून टाका, गाठ, दुमड, खाच यांची नक्कल घोटून घ्यावी, अगदी कंटाळा येईपर्यंत. वस्तूची नक्कल मात्र करून घेऊ नये. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मोर सगळ्यांचा सारखा, आणि गाठ एकालाही धड येत नाही.

फिनलंडनं १८६६मध्ये उनो सिग्नेउसच्या आग्रहानं शाळेत हस्तोद्योग सक्तीचा केला. त्याच्याच विचारांवर स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमोननं शिक्षकांना घडवलं. त्याच्या पद्धतीत वस्तूंची मालिका ठरलेली होती, पण ती हाताच्या हालचालींच्या अवघडपणानुसार लावलेली, आणि प्रत्येक वस्तू घरी नेऊन वापरण्याजोगी. शोभेच्या वस्तूंना तिथे जागा नव्हती. मालिका ठरवून देणं मला थोडं ताठर वाटतं. पण क्रम सांध्यांचा असावा आणि वस्तू वापरली जावी, या दोन गोष्टींवर तो माणूस दीडशे वर्षांपूर्वी आमच्या आजच्या प्रदर्शनांच्या पुढे होता.

दुसरा आक्षेप पालकांचा : मुलांना काहीतरी सुंदर घरी न्यायला आवडतं, तुम्ही त्यांचा आनंद का काढून घेता? आनंद कशाचा, हे जरा पाहावं लागेल. पॅराग्वेची राजधानी असुन्सिऑन, तिथल्या काटेउराच्या कचराडेपोजवळच्या वस्तीत फाबियो चाबेसनं २००६मध्ये मुलांना संगीत शिकवायला सुरुवात केली. वाद्यं कमी पडू लागली तेव्हा कचरा वेचणाऱ्या निकोलास गोमेसनं डबे, लाकडाचे तुकडे, काटे-चमचे जोडून व्हायोलिनं आणि चेलो बनवले. त्या वाद्यांकडे कुणी 'कचऱ्यापासून बनवलंय हो' म्हणून कौतुकानं बघायची गरज नव्हती, कारण त्यांना एक परीक्षा होती : सूर लागला पाहिजे. स्टूलनं पेलायचं, पतंगानं उडायचं, पिशवीनं ओझं वाहायचं, झाकणानं घट्ट बसायचं. अशी परीक्षा वस्तूनंच घेतली तर शिक्षकाच्या 'छान छान'ची मुलाला फारशी पर्वा उरत नाही. आणि तो आनंद घरी नेण्याएवढा टिकतो.

'पण निदान पर्यावरणाची जाणीव तर होते ना?' हा तिसरा आक्षेप, आणि त्याची मला चीड आहे. एका वर्गाच्या पेनस्टँडांनी कचऱ्याचा डोंगर खवलाभरही कमी होत नाही, हे मुलांना कळतं, आपणच कळत नसल्याचं सोंग करतो. उलट त्यांच्या मनात ठसतं ते असं की कशालाही रंग फासला की ते टाकून देण्याचं पाप फिटतं. जाणीवच द्यायची असेल तर दुरुस्ती शिकवा. उसवलेली शिवण, तुटलेला बंद, निखळलेली मूठ. दुरुस्तीला अजून कुठल्या हस्तकलेच्या तासात मानाची जागा मिळालेली मी पाहिलेली नाही, कारण दुरुस्त केलेली वस्तू प्रदर्शनात मांडता येत नाही. ती जिथली तिथे वापरात गेलेली असते.

शाळेच्या कारभाऱ्यांचं मत याहून वेगळं, आणि ते तोंडानं बोललं जात नाही. टाकाऊ वस्तू म्हणजे फुकट, म्हणून हस्तकलेला पैसे लागत नाहीत, असं ते मनाशी धरून चालतात. नव्या ड्रॉइंग पेपरला बोथट कात्री चालते. डब्याचा पत्रा, फळकुट, जाड पुठ्ठा, जुनी चामडी पट्टी यांना चालत नाही. त्यांना पत्रा कापायची कात्री लागते, कानस लागते, दाभण आणि टोचा लागतो, हातड्रिल, पक्कड, स्टीलची पट्टी, काम पकडून ठेवायला शिकंजा लागतो. माल जितका आडमुठा, तितकं हत्यार चांगलं हवं. गरीब मुलांच्या शाळेत 'कल्पकता' शिकवायची म्हणून कचरा द्यायचा आणि सधन शाळेत सुतारकामाची खोली द्यायची, याला कल्पकता म्हणत नाहीत. ज्यांना टाकाऊ मालावर शिकवायचं आहे त्यांना हत्यारं अधिक द्यावी लागतील, आणि हत्यारं वापरून बघितलेला, हाताला फोड आलेला शिक्षकही द्यावा लागेल.

मालाचंही तसंच. 'घरून काहीतरी टाकाऊ आणा' या सूचनेनं चाळीस घरांतून चाळीस वेगळ्या वस्तू येतात, त्याही निम्म्या चिकट. प्रयोग करायला एकसारखा माल पुष्कळ लागतो, म्हणजे दहा खाचा चुकल्या तरी अकरावी कापता येते. इटलीत रेज्जिओ एमिलिया शहरात १९९६पासून रेमिदा नावाचं केंद्र आहे. कारखान्यांत उरलेले तुकडे, नाकारलेले भाग, कापडाच्या-कागदाच्या-प्लास्टिकच्या कडा तिथे गोळा होतात आणि शाळांना मिळतात, स्वच्छ आणि ढिगानं. १९७१मध्ये ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सननं सुट्या भागांचा सिद्धान्त मांडला होता : हलवता, बदलता येतील अशा गोष्टी आजूबाजूला जितक्या जास्त, तितकी शोध लागण्याची शक्यता जास्त. त्याचं व्यवहारातलं रूप हे असं गोदाम आहे. शाळेत एक कपाट पुरतं, मात्र त्यातली खोकी पदार्थानुसार लावलेली हवीत : पुठ्ठा, पत्रा, कापड, तार, लाकूड. 'बाटल्या', 'सीडी', 'काड्या' अशी वस्तूंच्या नावानं लावली की मुलाला पुन्हा पेनस्टँडच दिसतो.

धोक्यांबद्दल थोडक्यात, कारण ते शिक्षकानं स्वतः शिकायचे आहेत. थर्माकोल तापल्या तारेनं बंद खोलीत कापू नये, धूर स्टायरीन या अपायकारक रसायनाचा असतो. पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपांचं प्लास्टिक, तापवू-जाळू तर अजिबात नये. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या कागदकामात घेऊ नयेत, त्या थर्मल कागदावर बहुधा बिस्फेनॉल या अपायकारक रसायनाचा लेप असतो. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का वाचायला शिकावं. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते मुलांच्या हाती देऊ नये. जुन्या रंगवलेल्या लाकडाला घासू नये, रंगात शिसं असू शकतं. हेही पदार्थज्ञानच आहे, आणि मोठ्या मुलांना ते शिक्का शोधण्याच्या खेळासारखं आवडतं.

राहता राहिले गुण. मला हस्तकलेला गुण देणं मुळातच पटत नाही, पण ते द्यावेच लागतात, म्हणून आम्ही वर्षअखेरीला एक मोडणीचा दिवस ठेवायला लागलो. ज्यांना आपली वस्तू घरी न्यायची आहे ते नेतात. बाकीच्या सगळ्या वस्तू सोडवायच्या : गाठी सोडायच्या, टाके उसवायचे, खाचा निखळवायच्या, आणि प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या खोक्यात परत. गुण त्या दिवशी मिळतात. कोणता सांधा सुटायला सर्वांत जड गेला आणि का, हे मुलानं हातात तुकडा धरून सांगायचं. पहिल्या वर्षी एका मुलीनं चोरून गोंद लावलेला होता, तो तिच्यासकट सगळ्यांनी पाहिला, पुठ्ठा सोलून निघाला आणि उरलेलं काही कुठल्याच खोक्यात बसेना. आम्ही ते टेबलाच्या कडेला ठेवलं. ती खोक्यांकडे एकेक करून बघत म्हणाली, "आता हे कुठे टाकू?"